मलेशियातल्या गावात शाळेचा होमस्टे, लेक शाकाहारी... पाठवू का?

पुंगोलची_आई

नमस्कार मंडळी, बरीच वर्षं नुसती वाचनमात्र होते, आज पहिल्यांदाच धागा काढतेय, चुकलं तर सांभाळून घ्या.

आम्ही सिंगापुरात १२ वर्षं आहोत. लेक सेकंडरी टूला आहे, १४ वर्षांची. शाळेत मातृभाषा म्हणून हिंदी घेतलीय (मराठी इथे मिळत नाही, माहितीच असेल) आणि तिसरी भाषा म्हणून हौसेने मलय. आता सप्टेंबरच्या सुट्टीत या मलय शिकणाऱ्या पोरांना मलाक्क्याच्या बाजूला एका गावात नेणारेत, ४ दिवस ३ रात्री. हॉटेल नाही, गावातल्या मलय कुटुंबांच्या घरीच राहायचं, एका घरात तीन मुली. तिथेच जेवायचं, त्यांच्यासोबत रबराच्या बागेत जायचं, स्वयंपाक करायचा, खेळ खेळायचे वगैरे. शाळेच्या पत्रात लिहिलंय की मलय संस्कृती आतून समजून घेणे हा उद्देश.

लेक एका पायावर तयार आहे. माझ्याच पोटात गोळा आलाय. एक तर ती पूर्ण शाकाहारी, अंडं केकमधलं चालतं तेवढंच. दुसरं, कधी अनोळखी घरी राहिलेली नाही. तिसरं म्हणजे सासूबाईंचा साताऱ्याहून फोन, "मुसलमानाच्या घरी चार दिवस? पोरीला खायला काय घालतील?" मी त्यांना म्हटलं आई तसं काही नसतं, पण फोन ठेवल्यावर मला कळलं की मलाही काहीच माहिती नाहीये. १९८९ पासून इथल्या सरकारी ब्लॉकमध्ये सगळ्या वंशांचे लोक कोट्याप्रमाणे राहतात, त्यामुळे आमच्या मजल्यावर दोन मलय घरं आहेत, आणि १२ वर्षांत माझी त्यांच्याशी ओळख म्हणजे लिफ्टमध्ये हसणं आणि हारी रायाला (ईदला) त्यांनी दाराबाहेर दिलेली बिस्किटं. आत कधी गेले नाही, त्यांना कधी बोलावलं नाही. खोटं कशाला बोला.

तर कोणाची मुलं गेलीयेत का अशा ट्रिपला? जेवणाचं, बाथरूमचं कसं असतं? आणि मुख्य म्हणजे याने खरंच काही समजतं का, की नुसतं बाटिकचे कपडे घालून फोटो?

पीजेकर

मी पेतालिंग जायामध्ये १८ वर्षं. बिनधास्त पाठवा.

पहिली गोष्ट म्हणजे होमस्टे या शब्दाचा इथे घोळ आहे. बुकिंगच्या साइटवर 'होमस्टे' म्हणून जे दिसतं ते निम्म्या वेळा नुसतं भाड्याचं रिकामं घर असतं, मालक किल्ली देऊन गायब. शाळा नेतात तो प्रकार वेगळा. १९९५ साली पाहांग राज्यात तेमेरलोहजवळच्या देसा मुर्नी गावात पर्यटन मंत्रालयाने हा कार्यक्रम सुरू केला, त्यात एक घर नाही तर गावातली बरीच घरं मिळून नोंदणी करतात, पाहुण्यांनी यजमानांच्याच घरात राहायचं ही अटच आहे. जपानहून शाळा-कॉलेजची पोरं वर्षानुवर्षं येतायत. त्या बायकांना परक्या पोरांची सवय आपल्यापेक्षा जास्त आहे. नोंदणीकृत आहे ना एवढं शाळेला विचारून घ्या.

आता जेवण. इथे एक गफलत सगळे मराठी लोक करतात. "साया ताक माकान दागिंग" म्हणजे मी मांस खात नाही असं आपण पाठ करून जातो. पण बोलीत दागिंग म्हणजे बीफ. कोंबडी ही दागिंग नाही, ती आयाम. मासे इकान, कोळंबी उदांग. म्हणजे तुम्ही दागिंग खात नाही म्हटलं की ती बिचारी प्रेमाने कोंबडी वाढणार. सगळी नावं घेऊन सांगायचं: "साया ताक माकान दागिंग, आयाम, इकान, उदांग, बलाचान." शेवटचा शब्द सगळ्यात महत्त्वाचा. बलाचान म्हणजे आंबवलेल्या जवळ्याची वडी, आणि ती मिरचीच्या चटणीत, पालेभाजीत, कुठेही असते, दिसत नाही. तसेच इकान बिलिस, सुक्या मांदेलीएवढे बारके मासे, नासी लमाकवर (नारळाच्या दुधातला भात) असतातच, पण भाजीच्या रश्शातही उकळून घेतलेले असतात.

लेकीला हे एका कागदावर लिहून द्या आणि शाळेमार्फत आधीच कळवा. आयत्या वेळी ताटावर बसून सांगितलं की यजमानीणबाईंना फार लागतं, त्यांना वाटतं आपलंच चुकलं. बीफचं टेन्शन घेऊ नका, भारतीय पोरं येणार म्हटलं की बहुतेक घरं स्वतःहूनच विचारतात.

मालवणी_मिरची

गो बाय, कसली भितंस! पाठव तिका.

मी जोहोर बाहरूला ९ वर्षं. पहिल्या वर्षी शेजारच्या मकचिककडे (म्हणजे मावशी-काकू काय म्हणायचं ते) पहिल्यांदा गेले, तर स्वयंपाकघरात जमिनीवर लाकडाचं बुटकं बसायचं, पुढे चोच काढलेलं, चोचीला लोखंडी दाते, आणि त्यावर एक पाय इकडे एक तिकडे टाकून बाई नारळ खोवतायत. खोवणी! आमच्या आजीची कुडाळातली खोवणी कोणीतरी समुद्रातून ओढून इथे आणून ठेवल्यासारखी. त्याला 'कुकुरान' म्हणतात. मी म्हटलं द्या मी करते, बसले आणि तीन नारळ खोवून दिले, बाई तोंडाला पदर लावून हसतायत (पदर नाही, तुदुंग, पण हात तसाच जातो). त्या दिवसापासून आमची मैत्री. मलय मला तेव्हा पाच शब्द पण येत नव्हतं.

मग त्यांनी ओन्दे-ओन्दे केले. तांदळाच्या चिकट पिठाला पांदानच्या पानांचा हिरवा रस, आत गुला मलाका म्हणजे माडाच्या गुळाचा खडा, गोळा उकळत्या पाण्यात सोडायचा, वर तरंगला की काढून खोबऱ्यात घोळवायचा. तोंडात टाकला की गूळ फुटतो. मोदकाचा धाकटा भाऊ, फक्त कळ्या नाहीत. हे शाकाहारी आहे, लेकीला बिनधास्त खाऊ दे. सेरी मुका म्हणून खाली भात वर हिरवी जेली दिसते त्यात मात्र अंडं असतं.

आणि आंबटाला ते आसाम कपिंग घालतात, वाळवलेले काप, ते आपल्या कोकमाच्याच कुळातलं झाड. मी आमसुलं संपली की तेच घालते सोलकढी सोडून सगळ्यात. सोलकढीला रंग येत नाही, मेली पांढरीच राहते.

बाथरूम: जुन्या घरात हौद असतो, कोलाह म्हणतात, प्लॅस्टिकच्या डबीने पाणी घ्यायचं. पोरींना हौदात उतरू नका म्हणावं! एक जपानी मुलगी टबबाथ समजून उतरली होती असं मकचिक सांगते, खरं खोटं तिला ठाऊक.

स्पष्टवक्ता_७७

मी जरा वेगळं बोलतो, राग नको.

आमच्या ऑफिसची टीम गेली होती अशा एका गावात, नाव घेत नाही. बस थांबली की कोंपांग (आपल्या डफासारखं) वाजवत स्वागत, मग नारळपाणी, मग एका जोडीला नवरा-नवरी करून खोटं लग्न, सगळ्यांनी फोटो काढले, मग रबराच्या झाडाला प्रत्येकी एक चीर, मग सगळ्यांना एकच भोवरा फिरवायला. दुसऱ्या दिवशी आमची बस निघताना पुढची बस येत होती आणि तेच कोंपांगवाले पुन्हा उभे. त्यातला एक जण मोबाइल बघत वाजवत होता.

याला संस्कृती समजणे म्हणत असाल तर हुरडा पार्टीला जाऊन येणाऱ्या पुण्याच्या माणसाला शेतकरी समजला म्हणायला पाहिजे. बैलगाडीत बसायचं, फेटा बांधायचा, पिठलं-भाकरी, दोनशे फोटो. पोरीला पाठवा, मजा येईल, सेफ आहे, पण 'आतून समजून घेणे' वगैरे शाळेच्या पत्रातली भाषा आहे. (दिवे घ्या.)

पुंगोलची_आई

सगळ्यांना धन्यवाद, पीजेकर तो दागिंगचा मुद्दा सोन्याचा आहे, मी तेच वाक्य शिकवणार होते.

@स्पष्टवक्ता_७७ राग नाही, मला पण हीच शंका होती. कोणी घरात राहिलेलं आहे का प्रत्यक्ष? आणि रीतभात काय सांगून पाठवू, काही चुकलं तर त्यांना वाईट वाटायला नको.

अर्धवट_पॉली

मी राहिलोय!! २१ वर्षांचा आहे, सिंगापुरात पॉलिटेक्निकला होतो तेव्हा गेलेलो, आई हा फोरम वाचते म्हणून आयडी असला घेतलाय.

स्पष्टवक्ता काका बोलतायत ते खरंय, आमचं पण खोटं लग्न झालं, मला तर नवरदेव केलं होतं कारण मीच सगळ्यात उंच, कमरेला सोंगकेत (जरीचं कापड) बांधलं आणि डोक्यावर तो तेंगकोलोक (फेट्यासारखा), आणि मी पूर्ण वेळ घामाने भिजलेलो. त्यातून घंटा काही समजलं नाही. पण ते दोन तासांचं होतं हो, आम्ही तिथे पाच दिवस होतो, उरलेले शंभर-एक तास काय तर नुसतं घर होतं. त्या वेळाचं टाइमटेबल कोणी केलेलं नसतं, तिथे काय ते होतं.

म्हणजे बघा, पहिल्या रात्री मी जमिनीवर टीव्ही बघत बसलेलो आणि पाठीमागची उशी ओढून घेतली बुडाखाली, तर नेनेक (आजी) एकदम ओरडली, मला वाटलं विंचूबिंचू आहे. मग नातवाने हसत हसत सांगितलं की उशीवर बसलं तर बुडाला गळू होतं. मी म्हटलं आजी माझी आजी पण उशीवर बसू द्यायची नाही! मग जे सुरू झालं ना, त्या सांगायच्या आणि मी ओरडायचो "आमच्याकडे पण": रात्री नखं कापायची नाहीत, सेम. रात्री शिट्टी वाजवली तर साप येतो, सेम. दाराच्या उंबऱ्यात बसायचं नाही, सेम, फक्त त्यांच्यात उंबऱ्यात बसणाऱ्या मुलीचं लग्न जमत नाही. स्वयंपाकघरात गाणं म्हटलं तर म्हातारा नवरा मिळतो, हे आपल्याकडे नाहीये बहुतेक, असेल तर सांगा. पांतांग लारांग म्हणतात या सगळ्याला. नातू इंजिनिअरिंगला होता आणि तो पण रात्री नखं कापत नव्हता, विचारलं तर म्हणे विश्वास नाहीये पण कशाला उगाच. डिट्टो मी.

आता आमचं नशीब असं की तिसऱ्या दिवशी शेजारी खरं लग्न होतं. आदल्या रात्री अख्खं गाव त्या घराच्या मागे, त्याला रेवांग म्हणतात, पैसे देऊन केटरर नाही, बायका जमिनीवर बसून कांदे-लसूण सोलतायत, पुरुष मोठ्या कढयांत गुलाई (नारळाच्या रसातली आमटी) ढवळतायत, फणसाचं पण होतं एक, आणि आम्हा पोरांना दिलं भांडी घासायला. मी आयुष्यात एवढी भांडी घासली नाहीत, आईला वाचून धक्का बसेल. पण भांडी घासणाऱ्यांत बसलो ना की तुम्ही पाहुणे राहत नाही, मग लोक खरं बोलतात. कोणाचा मुलगा क्वालालंपूरला जाऊन फोन करत नाही, पाम तेलाच्या फळांना भाव किती पडलाय, कोण कोणाशी बोलत नाही. गावाकडच्या लग्नात जे असतं तेच.

तिथे एका पाकचिकने (काकांनी) मला सांगितलं की मुलगी मागायला जाणं याला मेमिनांग म्हणतात, आणि पिनांग म्हणजे सुपारी! मागणी घालायला जाताना पानाचा डबा घेऊन जायचा, तेपाक सिरीह, आत विड्याची पानं, चुना, सुपारी, सगळं. मी त्यांना म्हटलं आमच्याकडे लग्न ठरलं की "सुपारी फुटली" म्हणतात, त्यांना हे इतकं आवडलं की त्यांनी चार जणांना बोलावून मला पुन्हा सांगायला लावलं. जुन्या २० सेनच्या नाण्यावर तो पानाचा डबा आहे, त्यांनी शोधून एक नाणं दिलं मला, अजून पाकिटात आहे.

रीतभात पटकन सांगतो: चपला बाहेर. सलाम करताना दोन्ही हातांनी समोरच्याचे हात हलकेच धरून मग आपला हात छातीला लावायचा, मोठ्यांचा हात नाकाला किंवा कपाळाला टेकवायचा. पुरुषांशी मुलींनी हात नाही मिळवला तरी चालतं, छातीवर हात ठेवून हसायचं. बोट दाखवायचं नाही, मूठ करून अंगठ्याने दाखवायचं. मोठी माणसं बसलेली असतील तर समोरून जाताना वाकून उजवा हात पुढे करून "तुंपांग लालू" म्हणायचं. डाव्या हाताने काही द्यायचं घ्यायचं नाही, मी डावखुरा आहे त्यामुळे माझे पाच दिवस कसे गेले विचारू नका. जेवायला मुलांनी मांडी घालायची, मुलींनी पाय एका बाजूला दुमडून. हात धुवायला किटलीतून पाणी येतं ताटावरच, ते पिऊ नका. एक चिनी मित्र प्यायला.

शब्दवेडा

वा अर्धवट, छान लिहिलंस. थोडी माझी भर, लेकीला कामाला येईल.

मलय भाषेत संस्कृत इतकं मुरलंय की मराठी मुलीला अर्धे शब्द फुकट मिळतात. बहासा म्हणजे भाषा, नामा नाव, मुका म्हणजे चेहरा (मुख), कपाला म्हणजे डोकं, आपलं कपाळ थोडं वर सरकलंय. नवरा सुआमी, बायको इस्तेरी. पाप म्हणजे दोसा आणि पुण्य म्हणजे पाहाला, दोष आणि फळ. रोजा ठेवणं म्हणजे पुआसा, उपवासावरून आलेला. स्वर्गाला शुर्गा आणि नरकाला नराका. वर मालवणी ताईंनी सांगितलेला सेरी मुका म्हणजे चक्क श्रीमुख! हे शब्द फार जुने, सुमात्रात इ.स. ६८३ चा केदुकान बुकित शिलालेख आहे, जुन्या मलयमधला, पल्लव लिपीत, त्यातही संस्कृत शब्द भरलेले आहेत.

आणि पांतुन ऐका म्हणावं. चार ओळींचं, पहिली तिसरीशी जुळते, दुसरी चौथीशी. गंमत अशी की पहिल्या दोन ओळी नुसत्या चित्राच्या, केळी, होडी, पाऊस असं काहीतरी, आणि खरं म्हणणं शेवटच्या दोनात. आपल्या उखाण्यात "चांदीच्या ताटात रुपया वाजतो" म्हणतो तेव्हा ताटाचा नवऱ्याशी काय संबंध असतो? तसंच. सगळ्यांच्या तोंडी असलेलं एक देतो:

पिसांग एमास दिबावा बलायार,
मासाक सबिजी दि आतास पती;
हुतांग एमास बोलेह दिबायार,
हुतांग बुदी दिबावा माती.

सोनकेळी नेली सफरीवर, पेटीवरती एक पिकलं. सोन्याचं ऋण फेडता येतं, उपकाराचं मरेपर्यंत राहिलं. यातलं 'बुदी' म्हणजे आपली बुद्धी, तिथे गेल्यावर तिचा अर्थ झाला चांगुलपणा. 'बुदी बहासा' म्हणजे रीतभात. पांतुन २०२० मध्ये युनेस्कोच्या वारसा यादीत गेलं, इंडोनेशिया आणि मलेशिया दोघांनी मिळून दिलं होतं.

थोडक्यात काय, सगळी आपलीच संस्कृती आहे हो तिथे.

पीजेकर

@शब्दवेडा शेवटचं वाक्य सोडून सगळं मान्य.

हे "सगळं आपलंच" प्रकरण इथे येणाऱ्या प्रत्येक मराठी पाहुण्याकडून ऐकतो मी. शब्द गेले, त्यांनी घेतले, हजार-तेराशे वर्षं वापरून त्यांचे केले. पुण्याला पाहाला म्हणणारी बाई पाच वेळा नमाज पढते आणि तिला त्यात काही विसंगत वाटत नाही, कारण नाहीच आहे. उद्या लेकीने त्यांच्या घरात बसून सांगितलं की तुमची भाषा मुळात आमची, तर ते हसून चहा देतील आणि नंतर कोणी काही सांगणार नाही तिला. सारखेपणा सापडला की आनंद होतो, होऊ द्यावा, पण न सारखं असतं तेही बघायला पाहिजे. नेगरी सेंबिलान राज्यात आदात परपातिह नावाचा रिवाज आहे, मिनांगकाबाऊ लोकांचा, तिथे वडिलोपार्जित जमीन-घर मुलींकडे जातं, जावई घरात येतो. सांगा कोणाला आपल्याकडे असं आहे म्हणून? आमच्या घरात तीन बहिणींनी हक्कसोड पत्रावर सह्या केल्यात.

बाकी म्हणी मात्र द्या तिला, म्हणींवर कोणी रागवत नाही. त्यांची एक आहे, "हारापकान पागार, पागार माकान पादी." पागार म्हणजे कुंपण, पादी म्हणजे भात. कुंपणानेच शेत खाल्लं. शब्दाला शब्द. पगार शब्द बघून आधी मला वाटलं होतं आमच्या एचआरबद्दल आहे.

शब्दवेडा

मान्य, शब्द मागे घेतो. मोहात पडलो.

पणजी_ते_पेनांग

कोणी दोदोलचं बोललंच नाही? मी मूळ म्हापशाचा, कामाला पेनांगला (पुलाउ पिनांग, म्हणजे सुपारीचं बेट, वर सुपारी फुटलीच आहे). आमच्याकडे नाताळात दोदोल करतात, तांदळाचं पीठ, नारळाचा रस, माडाचं काळं गूळ, ढवळून ढवळून खांदा उतरतो. इथे हारी रायाच्या आधी एका गावात गेलो तर तीच कढई, तेच तीन जिन्नस, तोच रंग आणि नावही दोदोल! फक्त कढई एवढी मोठी की वल्ह्यासारख्या दांड्याने दोघे जण उभे राहून ढवळतात, सात-आठ तास. मी अर्धा तास ढवळलं, हात गेला.

अल्बुकर्कने १५१० मध्ये गोवा घेतलं आणि १५११ मध्ये गोव्याहूनच जहाजं घेऊन मलाक्का. त्यामुळे खिडकीला हे जेंदेला म्हणतात, आम्ही जनेल. टेबल मेजा, आमचं मेज. अननसाला नानास. मलाक्क्याला चाललीय ना लेक, तिला तो पोर्तुगीज किल्ल्याचा उरलेला एक दरवाजा पण बघायला सांगा, बसवाले थांबवतात तिथे.

अवांतर: मलाक्क्याने २००८ मध्ये शाहरुख खानला दातुक किताब दिलाय. यजमानीणबाईंना शाहरुख विचारा, गप्पा संपायच्या नाहीत.

पुंगोलची_आई

(सहा आठवड्यांनी) धागा वर काढतेय, अपडेट द्यायचं राहिलं होतं.

पाठवली. आली. आता ऐका.

कागद दिला होता, शाळेने कळवलं पण होतं, तरी पहिल्या रात्री गडबड झालीच. मकचिकने खास हिच्यासाठी नारळाच्या रसातली भाजी केली होती, सायुर लोदेह, त्यात कोबी, फरसबी, टोफू. हिने दोन घास खाल्ले आणि तळाशी सुकट सापडली. मकचिकच्या दृष्टीने ती भाजीच, सुकट काय, मिठासारखी. आता ही काही बोलेना, दुसऱ्या मुलीने सांगून टाकलं. तर ती बाई रात्री नऊ वाजता उठली, वेगळी कढई काढली, टेंपे (आंबवलेल्या सोयाबीनच्या वड्या) तळले, वांगं भाजलं, आणि हिचं जेवण होईपर्यंत समोर बसून राहिली. लेक म्हणते आई मला इतकं रडायला आलं ना, मला वाटत होतं मी खाल्लं असतं तर बरं. मी म्हटलं नाही, बरं केलंस नाही खाल्लंस. पण मला पण कळेना नक्की काय बरं ते.

दुसऱ्या दिवसापासून मकचिक प्रत्येक गोष्ट भांड्यात टाकायच्या आधी हिला दाखवायच्या आणि विचारायच्या, "इनी बोलेह?" हे चालेल? लसूण, चालेल. पांदान, चालेल. तिसऱ्या दिवशी हळदीचं पान दाखवून "इनी बोलेह?" म्हणाल्या आणि दोघी हसत सुटल्या.

खोटं लग्न झालं, स्पष्टवक्ता बरोबर होते, ते तिला बोअर झालं. रबराची चीर पण सगळ्यांनी एकेक. सागरगोट्यांसारखं बातू सेरेंबान मात्र तिथल्या आठ वर्षांच्या मुलीने हिला सलग अकरा वेळा हरवलं, ते अजून सलतंय.

सगळ्यात जास्त ती बोलते ते पहाटेचं. सहाच्या आत कधीतरी अजान सुरू झाली, मशीद जवळच, बाहेर पूर्ण अंधार, ही दचकून उठली. दाराच्या फटीतून दिसलं की मकचिक पांढरा तेलेकुंग (नमाजाच्या वेळचा झगा) घालून उभ्या. हिने आवाज केला नाही, बसून राहिली. मग म्हणाली, "आजी पूजेला बसली की आपण तिला हाक मारत नाही ना, तसंच वाटलं." हे ती सासूबाईंना फोनवर सांगत होती. सासूबाई जरा वेळ गप्प होत्या. मग म्हणाल्या, "आणि वांगं भाजलं ते गॅसवर की चुलीवर?"

मीही एक केलं, सांगायला लाज वाटतेय इतकं लहान आहे. मजल्यावरच्या मलय बाईंना लिफ्टमध्ये विचारलं बलाचान कुठला बिनवासाचा मिळतो का म्हणून. त्या इतक्या हसल्या. नसतो. पण घरी बोलावलं, गेले, तासभर बसले.

आता नवीन प्रश्न. मकचिकने लेकीबरोबर ओन्दे-ओन्दे भरून स्टीलचा डबा पाठवला होता, आणि व्हॉट्सॅपवर रोज एक मेसेज असतो, "दाह माकान?" जेवलीस का. पुढच्या महिन्यात शाळेची दुसरी बॅच जातेय, त्यांच्यासोबत डबा परत पाठवायचाय. रिकामा कसा पाठवणार. सासूबाई इथे आल्यात, त्या म्हणतात पुरणपोळ्या पाठवू. त्यांना चालतील का आपल्या घरच्या?

पीजेकर

पुरणपोळीत हराम असं काहीच नाही. काही घरं हिंदू घरातली भांडी म्हणून कचरतात, तसं झालं तर मनाला लावून घेऊ नका, पण स्वतःचा डबा भरून पाठवणारी बाई कचरेल असं वाटत नाही. आत काय काय घातलंय ते मलयमध्ये चिठ्ठीवर लिहा, तूप लोण्याचं आहे हेही. लेकीलाच लिहू द्या.

मालवणी_मिरची

पोळ्या बसमध्ये घाम धरतील गो. गुळाच्या पोळ्या दे, त्या आठ दिवस राहतात. आणि वर लिही, "इनी बोलेह."